मीराबेन : आरमारी अधिकाऱ्याची लेक आणि सेगावचं कुडाचं घर

खापर (ता. अक्कलकुवा) : सेवाग्रामची बापू कुटी आपल्या भागातल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कोणी शाळेच्या सहलीत, कोणी नागपूरकडे कामाला गेले तेव्हा. कुडाच्या भिंती, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. आपल्या पाड्यावरच्या जुन्या घरासारखंच घर. पण ती कुटी मुळात बापूंसाठी बांधलेलीच नव्हती, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. ती बांधली होती एका इंग्रज बाईने, स्वतःला राहायला. बाईचं नाव मॅडेलिन स्लेड. गांधीजींनी तिला नाव दिलं मीरा, आणि सगळा देश तिला मीराबेन म्हणू लागला.

सध्या शहरातल्या लोकांना खेड्यात घर घ्यायची हौस आली आहे. दोन दिवस यायचं, शांत वाटतं म्हणायचं आणि सोमवारी परत जायचं. मीराबेन खेड्यात आल्या त्या अशा नाही आल्या. त्यांनी एक नाही, पाच-सहा ठिकाणी घर मांडलं, आणि प्रत्येक ठिकाणी कुडाला माती लावण्यापासून सुरुवात केली. त्यांची ही गोष्ट.

मुंबई पाहिली, पण देश पाहिला नव्हता

मॅडेलिन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारात मोठे अधिकारी. आजोळची शेतीवाडी होती, घोडे होते, मोठा बंगला होता. लहानपणी मुलीला माणसांपेक्षा झाडं आणि जनावरं जास्त आवडायची. घोड्यावर बसणं, एकटं हिंडणं आणि पियानोवर बीथोवेन या जर्मन संगीतकाराच्या रचना ऐकणं, हे तिचं जग.

वडिलांची नेमणूक मुंबईला झाली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची मॅडेलिन आईसोबत मुंबईला आली. दोन वर्षं राहिली. पण ते राहणं साहेब लोकांचं. मेजवान्या, नाच, गाडीतून फिरणं. भारतातलं खेडं कसं असतं ते तिला त्या दोन वर्षांत दिसलंच नाही. मुंबई तिला मुळीच आवडली नाही.

पुढे बीथोवेनच्या वेडापायी ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोचली. रोलाँ तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये राहत. त्यांनी गांधीजींवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. मॅडेलिनने गांधी हे नावही त्याआधी ऐकलेलं नव्हतं. पुस्तक वाचलं आणि तिचं ठरलं, याच माणसाकडे जायचं.

इथे तिने एक शहाणपणाची गोष्ट केली. उत्साहाच्या भरात बोटीचं तिकीट काढून ठेवलं होतं, ते पुढे ढकललं. आधी एक वर्ष तयारी करायची ठरवली. त्या वर्षात मांस सोडलं, दारू सोडली. सूत कातायला शिकली. जमिनीवर झोपायची, मांडी घालून बसायची सवय केली. म्हातारपणी नाही, तिशी उलटल्यावर खुर्चीची सवय मोडून मांडी घालणं किती अवघड असतं ते ज्याचं त्याला माहीत. स्वित्झर्लंडमध्ये शेतकऱ्यांच्या शेतात जाऊन अंगमेहनत केली. उर्दूचे धडे घेतले, गीता फ्रेंचमधून वाचली. गांधीजींना पत्र लिहिलं आणि सोबत २० पौंड पाठवले. गांधीजींचं उत्तर आलं की जरूर ये, पण इथलं जगणं कष्टाचं आहे हे ध्यानात ठेव.

२५ ऑक्टोबर १९२५ रोजी ती फ्रान्समधल्या मार्सेल बंदरातून निघाली. ६ नोव्हेंबरला मुंबई, आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबाद. साबरमती आश्रमात पोचली, गांधीजींच्या पायाशी बसली आणि मागची सगळी ओळख तिथेच संपली. केस कापले, पांढरी खादी नेसली, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. संडास साफ करण्याचं काम पहिल्या दिवसांपासून अंगावर घेतलं.

पुढची दहा वर्षं थोडक्यात सांगायची तर आश्रम, प्रवास आणि तुरुंग. बिहारच्या गावांत जाऊन त्यांनी पिंजण आणि सूतकताई शिकवली. १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा मीराबेन सोबत होत्या. लंडनच्या गरीब वस्तीतल्या किंग्स्ली हॉलमध्ये सगळे राहिले. आपल्याच देशात त्या खादी नेसून, चप्पल घालून फिरल्या. परत आल्यावर १९३२ ला अटक झाली, मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात राहिल्या. ज्या मुंबईत वडील आरमाराचे प्रमुख होते, त्याच मुंबईत मुलगी कैदी.

सिंदीचा रस्ता

खरी गोष्ट सुरू होते ती वर्ध्याला. १९३४ च्या शेवटी गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर त्यासाठी दिलं, तेच मगनवाडी. गांधीजी कार्यकर्त्यांना सांगत की एकेकाने एकेका खेड्यात जाऊन बसा. शहरात राहून खेड्याचं काम होत नाही.

वर्ध्याला लागूनच सिंदी नावाचं गाव. मीराबेन आणि मगनवाडीची मंडळी रोज सकाळी तिकडे जात आणि रस्त्यावरची घाण उचलत. हागणदारी बाई माणसाने, तीही गोऱ्या, साफ करायची. महिनोन् महिने हे चाललं. गावाला काय वाटलं? फार काही नाही. उचलणारे आहेत म्हटल्यावर बसणारे बसत राहिले. हागणदारीमुक्तीच्या मोहिमा आपल्याकडे किती झाल्या, शौचालयं किती बांधली आणि त्यातल्या किती ठिकाणी आज सरपण भरलेलं आहे, हे प्रत्येक गावाने आपलं आपण मोजावं. तेव्हा सिंदीच्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मीराबेन यांच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. रोज येऊन जाणारा माणूस गावाचा होत नाही. तो कितीही चांगला असला तरी पाहुणाच. संध्याकाळ झाली की निघून जाणार हे गावाला माहीत असतं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्यातले कर्मचारी यांनी मुख्यालयी राहावं हा विषय आपल्या ग्रामसभांमध्ये आजही निघतो तो याच कारणाने. रात्री साप चावला, बाळंतीण अडली, तेव्हा गावात कोण असतं यावर माणसाची किंमत ठरते.

सेगावला मुक्काम

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेगाव हे छोटं गाव. काळी कपाशीची जमीन. धड रस्ता नाही. पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. टपालाची, दुकानाची सोय नाही. मलेरिया घरोघरी, साप-विंचू पावलोपावली. वस्तीत दलित कुटुंबं बरीच. जमनालालजी तिथले मालगुजार, गावाचा मोठा हिस्सा त्यांच्या नावावर.

१९३५ च्या शेवटी मीराबेन एकट्या या गावात राहायला गेल्या. आज गावात भाड्याने खोली घ्यायची म्हटली तरी आधी नाव, मग आडनाव, मग जात विचारली जाते. इथे तर परक्या देशाची, परक्या धर्मात जन्मलेली, लग्न न केलेली, डोकं भादरलेली बाई. गावात कुजबुज झाली नसेल असं कोण म्हणेल? शिवाय ती दलित वस्तीत जाते, त्यांच्या मुलांना जवळ घेते. त्या काळात हे सवर्ण घरांना पटणारं नव्हतंच. मराठी तिला येत नव्हती, हिंदी मोडकीतोडकी. तरी ती राहिली. औषधं देऊ लागली, साफसफाई सांगू लागली, सूत कातायला शिकवू लागली.

दरम्यान गांधीजींच्या मनात वेगळंच घोळत होतं. दुसऱ्यांना खेड्यात जा म्हणायचं आणि आपण वर्ध्यात राहायचं, हे त्यांना टोचत होतं. त्यांनी ठरवलं, आपणच सेगावला जायचं. जमनालालजींना, इतर सहकाऱ्यांना हे पटेना. देशभरातून माणसं भेटायला येतात, पत्रं येतात, तब्येत नाजूक, आणि हे चालले चिखलात. पण त्यांनी ऐकलं नाही.

मीराबेन यांना आनंद झाला असणार, आणि धक्काही बसला असणार. कारण बापू येणार तर मीराने तिथे राहायचं नाही, दुसऱ्या गावाला जायचं, असं ठरलं होतं. हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. मीराबेन यांचं सगळं मन गांधीजींभोवती बांधलेलं होतं. ते दूर गेले की त्या आजारी पडत, रडत, पत्रांवर पत्रं लिहीत. गांधीजींना हे दिसत होतं, आणि त्यांना ते योग्य वाटत नव्हतं. म्हणून ते त्यांना पुन्हा पुन्हा लांब पाठवत. आश्रमातल्या बऱ्याच लोकांना मीराबेन यांचा हा स्वभाव जड जाई. सोप्या बाई नव्हत्या त्या. हट्टी होत्या, कामात दुसऱ्याचं ऐकून घेत नसत. हे झाकून ठेवण्यात काही मतलब नाही.

तर सेगावला बापूंसाठी घर बांधायचं काम आलं मीराबेन आणि बलवंतसिंह यांच्याकडे. अटी गांधीजींनी घातल्या होत्या. खर्च शंभर रुपयांच्या आत. सामान जवळपास मिळेल तेच. मजूर गावचे. म्हणजे विटा नाही, सिमेंट नाही, शहरातला गवंडी नाही. माती, बांबू, लाकूड, कौलं.

घरकुलाचे हप्ते मोजत घर बांधणाऱ्या माणसाला या हिशेबाची गंमत कळेल. खर्च आधी ठरवायचा आणि घर त्यात बसवायचं, हे बोलायला सोपं. पण जागेवर मिळणाऱ्या वस्तूत घर बांधलं की ते त्या हवेला मानवतं. मातीची जाड भिंत उन्हाळ्यात तापत नाही. उतरतं छप्पर पावसाला भिंतीपासून लांब ठेवतं. आपल्याकडे पत्र्याखाली एप्रिल-मे काढणारी माणसं आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फक्त त्या घराला दरवर्षी हात लावावा लागतो. लिंपण, सारवण, कौलं चाळणं. तेवढा वेळ आज कोणाकडे आहे, हाही प्रश्न आहेच.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी सेगावला आले. घर तयार झालेलं नव्हतं. पेरूच्या झाडाजवळ तात्पुरत्या आडोशाला त्यांनी मुक्काम केला. गावच्या लोकांना जमवून त्यांनी आपलं येणं तुम्हाला चालेल का, असं विचारलं. मी तुमच्यावर काही लादणार नाही, पण अस्पृश्यता मी मानत नाही, हेही सांगितलं. गावातल्या एका जुन्या पाटलाने उभं राहून सांगून टाकलं की तुम्ही आलात हे आमचं भाग्य, पण शिवाशिवीच्या बाबतीत माझी साथ मिळणार नाही. या म्हाताऱ्या पाटलाचा प्रामाणिकपणा मानायला पाहिजे. पुढ्यात हो म्हणून मागे नाही करणारे जास्त असतात.

मधे गांधीजी बाहेरगावी गेले आणि जूनच्या मध्यावर परत आले ते भर पावसात, चिखल तुडवत, पायीच. तोवर पहिलं घर उभं राहिलं होतं. तेच आज आदि निवास म्हणून दाखवतात. एकच मोठी खोली. त्यात गांधीजी एका कोपऱ्यात, कस्तुरबा, खान अब्दुल गफार खान, येणारे-जाणारे पाहुणे सगळे तिथेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज त्याच वर्षी महिनाभर येऊन राहिले. एका खोलीत एवढी माणसं म्हटल्यावर झोप कोणाला आणि एकांत कसला.

ठरल्याप्रमाणे मीराबेन यांनी सेगाव सोडलं आणि जवळच्या वरोडा गावात लहानशा झोपडीत बिऱ्हाड केलं. पण त्या पावसाळ्याने कोणालाच सोडलं नाही. गांधीजींना मलेरिया झाला, सप्टेंबरमध्ये त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. मीराबेन यांना विषमज्वर झाला. त्यांना सेगावला आणावं लागलं आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. खेड्यातलं राहणं म्हणजे शांत हवा आणि ताजं दूध एवढंच नसतं. पाणी, डास आणि दवाखाना किती लांब, हे आधी बघावं लागतं. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवरून रुग्णाला झोळी करून आणणाऱ्यांना हे नव्याने सांगायची गरज नाही.

भिंतीवरची ताडाची झाडं

बऱ्या झाल्यावर मीराबेन यांनी सेगावातच आदि निवासाशेजारी स्वतःसाठी एक कुटी बांधली. हीच ती कुटी. इथे त्यांनी सगळा जीव ओतला. कुडाची भिंत, मातीचा गिलावा, आणि तो ओला असतानाच हाताने त्यात चित्रं उठवली. ताडाची झाडं, मोर, चरखा, ॐ. रंग नाही काही नाही, मातीवर मातीच. आपल्याकडे बाया कोठीवर, भिंतीवर, चुलीवर बोटांनी नक्षी उठवतात, तशातलाच प्रकार. बीथोवेनवर जीव टाकणाऱ्या बाईची कला विदर्भातल्या चिखलात अशी उतरली. शेजारी पिंजणाचं आणि सूतकताईचं शिक्षण सुरू केलं.

आणि मग ही कुटीही गेली. आदि निवासातल्या गर्दीत गांधीजींची तब्येत बिघडू लागली, रक्तदाब वाढला. त्यांना शांत जागा हवी होती. मीराबेन यांनी आपली कुटी बापूंना दिली. थोडीफार वाढवून, बदल करून गांधीजी तिथे राहायला आले, आणि लोक तिला बापू कुटी म्हणू लागले. मीराबेन दुसऱ्या लहान झोपडीत गेल्या.

या एका झोपडीत पुढे काय काय झालं ते देशाला माहीत आहे. काँग्रेसचे पुढारी तिथे बसून गेले. सरकारने तिथे टेलिफोन आणून बसवला, कारण व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलायचं तर दुसरी सोय नव्हती. साप पकडून लांब सोडायची पेटी आणि चिमटा आजही तिथे ठेवलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी नावाचा घोळ होऊन पत्रं भलतीकडे जाऊ लागली, म्हणून १९४० ला सेगावचं नाव सेवाग्राम झालं. हे सगळं त्या कुडाच्या भिंतीच्या आधाराने. पण भिंत लिंपणारीचं नाव पाटीवर बारीक अक्षरातच राहिलं.

जमीन कोणाची, हा प्रश्न इथे येतोच. सेगावची जमीन जमनालालजींची होती, मालगुजारीची. म्हणून आश्रमाला जागा मिळायला अडचण आली नाही. आज आपल्या तालुक्यात बाहेरच्या माणसाला खेड्यात घर-जमीन घ्यायची तर गोष्ट वेगळी आहे. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या कलम ३६ आणि ३६-अ मध्ये ते लिहिलेलं आहे. स्टँप पेपरवर लिहून घेतलं, गावात चार साक्षीदार ठेवले, म्हणजे व्यवहार झाला असं कोणी सांगत असेल तर घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही आधी तहसीलला जाऊन विचारावं. मीराबेन यांच्याकडून शिकायचं असेल तर एवढंच, की गावात राहायला मालक व्हावंच लागतं असं नाही.

आगाखान पॅलेस

१९४२ च्या सुरुवातीला जपानी सैन्य येईल अशी भीती होती, तेव्हा गांधीजींनी मीराबेन यांना ओरिसाच्या किनारपट्टीवर पाठवलं. लोकांची तयारी बघून त्यांनी तिथून अहवाल पाठवले. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींना पकडलं तेव्हा मीराबेन यांनाही अटक झाली. सगळ्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथे सहा दिवसांत, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. ज्या महादेवभाईंनी १९२५ ला अहमदाबाद स्टेशनवर त्यांना उतरवून घेतलं होतं, त्यांची चिता मीराबेन यांनी त्या महालाच्या आवारात पाहिली. ६ मे १९४४ ला सुटका झाली.

सुटल्यावर मात्र त्यांनी सेवाग्राममध्ये न राहता उत्तरेला जायचं ठरवलं. वय बावन्न. रुडकी आणि हरिद्वारच्या दरम्यान मुलदासपूर गावाजवळ किसान आश्रम काढला. पुन्हा झोपडी, पुन्हा गायी, पुन्हा दवाखाना. आता त्या पहिल्यासारख्या बापूंच्या पत्राची वाट बघत बसत नव्हत्या. शेतकरी, गुरं आणि जंगल यांतच मन रमलं. उत्तर प्रदेश सरकारने त्यांना अधिक धान्य पिकवा मोहिमेच्या सल्लागार केलं, तेही बिनपगारी. सरकारी फायली आणि त्या यांचं फार काळ जमलं नाही.

१९४७ ला ऋषिकेशजवळ वनखात्याच्या जमिनीवर पशुलोक उभं केलं. भाकड, म्हातारी गुरं कुठे जाणार, हा प्रश्न त्यांना छळत होता. बाजारात बैल विकताना कोणत्याही शेतकऱ्याच्या पोटात जे कालवतं, तेच. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला तेव्हा त्या पशुलोकमध्येच होत्या. अंत्ययात्रेला दिल्लीला गेल्या नाहीत. शेवटचं दर्शन मनातच घ्यायचं त्यांनी ठरवलं. जी बाई एकेकाळी दोन आठवडे भेट झाली नाही तर तापाने फणफणायची, तिने हे केलं.

बांज आणि चीड

पुढे त्या आणखी वर, टिहरी गढवालमध्ये भिलंगणा नदीच्या खोऱ्यात गेल्या. १९५२ ला तिथे गोपाल आश्रम काढला. डोंगरात घोड्यावरून फिरताना एक गोष्ट त्यांनी टिपली. पूर्वी जिथे बांजची झाडं होती, म्हणजे तिथलं रुंद पानांचं ओकचं झाड, तिथे आता चीड दिसत होतं. बांजचा पाला जमिनीवर पडतो, कुजतो, पाणी धरून ठेवतो, त्यामुळे झरे टिकतात. गुरांना चारा होतो. चीड कामाचं कोणाला, तर लाकूड आणि राळ विकणाऱ्याला. त्याच्या सुयांवर ना चारा होतो, ना पाणी मुरतं, आणि उन्हाळ्यात वणवा लागतो. खाली गंगेला पूर का येतात याचं उत्तर वर डोंगरात आहे, असं त्यांनी लिहून पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोचवलं. फार काही झालं नाही. वीस वर्षांनी त्याच डोंगरात चिपको आंदोलन उभं राहिलं. मीराबेन यांचं त्या भागातलं काम सुंदरलाल बहुगुणा मानत असत.

सातपुड्यात साग लावून मोह, टेंभुर्णी, चारोळीचं जंगल विरळ होताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे बांज-चीड प्रकरण लगेच कळेल. पुढे भिलंगणा आणि भागीरथीच्या संगमाजवळ टिहरी धरण झालं आणि त्या खोऱ्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. मणिबेलीची आठवण ज्यांना आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

त्यानंतर काश्मीरमध्ये गाओबलला इंग्लंडहून डेक्स्टर जातीची छोटी गुरं आणून डोंगराला चालेल अशी जात तयार करायचा प्रयत्न त्यांनी केला. तोही मनासारखा तडीस गेला नाही. बारकाईने पाहिलं तर मीराबेन यांच्या बहुतेक संस्था त्या गेल्यावर टिकल्या नाहीत किंवा त्यांचं रूप बदललं. संस्था चालवायला माणसं जोडावी लागतात, हिशेब-ठराव करावे लागतात. ते त्यांचं काम नव्हतं. त्यांचं काम होतं नव्या जागी जाऊन पहिली भिंत उभी करणं.

परत

जानेवारी १९५९ मध्ये, तेहतीस वर्षांनी, त्यांनी भारत सोडला. कारण एकच एक सांगता येत नाही. तब्येत, स्वतंत्र भारत गांधीजींच्या वाटेने चालत नाही याची खंत, आणि तरुणपणी सुटलेला बीथोवेन. थोडे दिवस इंग्लंडला राहून त्या ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या आसपासच्या खेड्यात स्थायिक झाल्या. बीथोवेन त्याच भागात हिंडला-फिरला होता. तिथेही घर जंगलाच्या कडेला, साधंच. १९६० ला त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत निघालं. सेगावचे दिवस त्यात आहेत.

१९८१ ला भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. रिचर्ड ॲटनबरो गांधी सिनेमाच्या तयारीत त्यांना भेटले होते. त्यात मीराबेनचं काम जेराल्डिन जेम्स या अभिनेत्रीने केलं आहे. सिनेमा नोव्हेंबर १९८२ ला आला. मीराबेन यांना तो बघायला मिळाला नाही, २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात त्या वारल्या. वय एकोणनव्वद.

सेवाग्रामची कुटी बघायची असेल तर नंदुरबारहून भुसावळमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने वर्ध्याला उतरावं. तिथून सेवाग्राम आठ किलोमीटर, रिक्षा आणि बस दोन्ही मिळतात. पाऊस संपल्यावर गेलेलं बरं. आत गेल्यावर गांधीजींची बैठक आणि वस्तू तर सगळे बघतातच, पण भिंतीकडेही बघावं. ताडाची झाडं आणि मोर अजून तिथे आहेत.